जानूआप्पाची जाळरेषा

आमच्या रेंजमध्ये आग विझवणारे पुष्कळ होते. आग लावायची कशी, हे माहीत असलेला माणूस एकच होता, आणि त्याला जंगल खातं 'फायर वाचर' म्हणून, म्हणजे आगीवर लक्ष ठेवायला, पगार देत होतं. हजेरीपटावर त्याचं नाव जानू बाबू झोरे असं होतं. मजुरापासून गार्डापर्यंत सगळे त्याला जानूआप्पा म्हणायचे. मी फॉरेस्टर, म्हणजे कागदोपत्री त्याचा साहेब. कागदाबाहेर काय होतो ते न सांगितलेलं बरं.

मी शहापूरचा, विणकराच्या घरातला. आमच्या बोळात झाड म्हणजे देवळापुढचा एक लिंब, तेवढंच मला ओळखता यायचं. पण परीक्षा पास झालो, ट्रेनिंग झालं आणि नंदगडच्याही पलीकडे, खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाच्या रानात माझी नेमणूक झाली. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. वडील मागावरून उठलेसुद्धा नाहीत. "सरकारी हाय न्हवं? मग जा," एवढंच म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात मी नकाशा घेऊन बीट, म्हणजे माझ्या वाट्याचं रान, बघायला निघालो. जानूआप्पा बरोबर होता. तेव्हा तो पन्नाशीचा असेल. बुटका, काटक, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडं, कमरेला कोयता. "वाट दाखवू व्हय?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मी नकाशा वर करून दाखवला. तो निमूटपणे मागून चालू लागला. एका मोठ्या ऐनाच्या झाडाखाली मी पाणी प्यायलो. तासाभरानं दुसऱ्या एका मोठ्या ऐनाखाली थांबलो. तिसऱ्या ऐनाखाली मला माझ्याच बाटलीचं बूच पडलेलं दिसलं. मागे वळून बघतो तर जानूआप्पा बुंध्याला टेकून पानाची चंची सोडत होता.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी इच्यारलं न्हाय. आन् बूट नवं हायती तुमचं. म्हटलं, चालून चालून मऊ हुंदेत."

त्या दिवसापर्यंत मी त्याला अरेतुरे करत असे. परतताना वाट त्यानं दाखवली आणि मी न ठरवताच 'अहो आप्पा' म्हणायला लागलो.

तो गवळी धनगर. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या म्हशी घेऊन रानात राहिलेली. त्यांच्या वस्तीला वाडा म्हणतात. वाडा म्हणजे कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, चांगली जोती आणि घरापेक्षा मोठे गोठे. आंबेखोलच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळमाळावर, जानूआप्पाचा अकरा घरांचा वाडा होता. पूर्वेला उतार रस्त्यापर्यंत जायचा. पश्चिमेला सडा संपला की एकदम खोल दरी, आणि तिच्यात बारमाही हिरवं दाट रान. दुपारीही तिथे कंदील न्यावा असं वाटे. खालच्या पाच-सहा गावांचे झरे त्याच रानातून निघत. जानूआप्पा त्या दरीला नुसतं 'खोल' म्हणायचा.

त्याच्या तऱ्हा सांगायच्या तर खाकी शर्टापासून सुरुवात करावी लागेल. खात्यानं दिलेला शर्ट तो आमच्या ऑफिसातल्या खुंटीवर ठेवायचा. ऑफिसात शिरताना घालायचा, निघताना काढून परत खुंटीवर. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "त्यो आंगात आसला की म्हसरं वळकत न्हाईत."

माणसांचे त्यानं दोनच प्रकार केले होते, हिरवी आणि वाळलेली. हिरवं म्हणजे कच्चं, अजून कशाच्याच कामाचं नाही. मी दोन वर्षं हिरवा होतो. आमचा हेडक्लार्क निवृत्त झाला तरी हिरवाच राहिला. रानात आगीचं नाव तो घेत नसे. 'ती' म्हणायचा. "ती आलती काय?" "औंदा ती त्या अंगानं येणार." पहिले काही दिवस मला वाटलं, हा कुठल्यातरी बाईबद्दल बोलतो आहे, आणि मी विषय बदलत असे.

पण त्याची खरी करामत पौष महिन्यात दिसायची. सड्यावरचं गवत मूठभर उपटून तो कानापाशी न्यायचा आणि चुरगाळायचा. डोळे मिटून ऐकायचा. "अजून चार दीस," म्हणायचा. चार दिवसांनी परत ऐकायचा. मग एखाद्या दिवशी दुपार कलली की सगळा वाडा बाहेर पडायचा. बाया, म्हातारी, धडधाकट पुरुष, सगळ्यांच्या हातात हिरव्या डहाळ्या. वाड्याच्या पूर्वेला, उताराच्या तोंडाशी, पंधरा-वीस हात रुंदीचा गवताचा पट्टा ते मुद्दाम जाळून काढायचे. खात्याच्या भाषेत ही जाळरेषा. पौषात रात्री दव पडतं, गवत बुडाशी ओलं असतं, त्यामुळे जाळ गुडघ्याच्या वर चढत नाही. पुढे फाल्गुनात रस्त्याच्या बाजूनं वणवा आला, तर या काळ्या पट्ट्यापाशी त्याला खायला काही उरत नाही. वाडाही वाचतो, खोलही वाचते. आधी एक माणूस डबा बडवत पट्ट्यातून फिरायचा, ससे-लाव्हे निघून जावेत म्हणून.

या कामाला काड्याची पेटी चालत नसे. एकदा मी खिशातून पेटी काढली तर जानूआप्पाची बायको भागाक्का माझ्यावर खेकसलीच. "ठेवा ती आत. बेवारशी इस्तव नगं हितं."

विस्तव चुलीतला लागायचा. भागाक्का आपल्या चुलीतले निखारे गाडग्यात घालून आणायची, त्यानं पट्टा पेटवायचा, आणि काम झालं की पट्ट्याच्या कडेचा शेवटचा निखारा गाडग्यात उचलून परत आपल्या चुलीत नेऊन ठेवायची. ज्याच्या चुलीचा विस्तव, आग त्याची. ती परत घरी पोचेपर्यंत त्यानं जागा सोडायची नाही. तिनं काही नुकसान केलं तर 'वारं फिरलं', 'दुसऱ्यानं लक्ष दिलं न्हाय' असलं काही बोलायचं नाही. माझी आग, एवढंच म्हणायचं. मी त्या वाड्याचे तीन पौष बघितले आणि तीन वर्षांत त्यांच्या हातून एक गंजीसुद्धा जळाली नाही. आमच्या बीटमध्ये वणव्याचा रकाना कोरा असे आणि त्याबद्दल शाबासकी मला मिळे. मी ती घेतही असे.

चौथ्या वर्षी नवे रेंजर आले. म्हैसूरकडचे, शिकलेले, हाताला आणि जिभेला स्वच्छ. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला मला जागा नाही. पहिल्याच फेरीत त्यांना सड्यावर जुना काळा पट्टा दिसला. जानूआप्पाला ऑफिसात बोलावलं. त्यानं खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं वरखाली लावली आणि उभा राहिला. रेंजर कानडीत बोलत, मी मराठीत सांगे. जानूआप्पाला कानडी कळायची, पण साहेबाशी बोलताना मध्ये माणूस असलेला बरा, असं त्याचं मत होतं.

"फायर वाचर असून रान जाळतोस?"

"रान न्हाय, साहेब. गवात. आन् तेबी कडंचं."

"कायद्यानं गुन्हा आहे तो."

"आसंल की."

रेंजरांनी लेखी हुकूम काढला. औंदा सड्यावर ठिणगीसुद्धा पडता कामा नये. शिवाय मला बाजूला घेऊन सांगितलं की हे रान राखीव करायचा विचार वर चालू आहे, आतल्या वाड्यांना रस्त्याकडेला जागा द्यायची आहे, आणि गवळीच आग लावतात असं दिसलं तर तो निर्णय लवकर होईल. ते मी त्या संध्याकाळी जानूआप्पाला सांगितलं. 

"म्हंजे जाळली तर आमास्नी काढणार," तो म्हणाला.

"हो."

"मग न्हाय जाळत. न्हाय जाळली म्हंजे ऱ्हाऊ दितील न्हवं?"

मी "हो" म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, ते आजही मला सांगता येणार नाही.

त्या पौषात वाडा गप्प बसला. माघात सड्यावरचं गवत छातीइतकं उभं होतं आणि वाऱ्यावर खडखड वाजत होतं. ते ऐकायला कानापाशी न्यायची गरज नव्हती. शिमगा आठ दिवसांवर आला असेल. भर दुपारी रस्त्याकडून धूर उठला. कुणी बिडी टाकली की लाकडाच्या लॉरीवाल्यांनी चूल पेटती सोडली, ते कधी कळलं नाही. मी दोन गार्ड आणि सात मजूर घेऊन धावत सड्यावर पोचलो, तोवर वाड्यानं म्हशी दावणीतून सोडून दरीच्या वाटेला लावल्या होत्या. उतारावरून आग वर येत होती. तिचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

वाड्यातली आणि माझी मिळून तीसेक माणसं. जानूआप्पाचा पुतण्या विठू ओरडत होता, "घरांभवती हुबं ऱ्हावा! समदी घरांभवती!" ते शक्यही होतं. अंगणं सारवलेली होती, तीस जणांनी झोडपून अकरा घरं कदाचित राखली असती. पण मग आग वाड्याला वळसा घालून सड्यावर गेली असती आणि सड्यावरून दरीत उतरली असती.

जानूआप्पा वाड्याच्या मागे, पश्चिमेला गेला. सड्याची तिथे कंबर आहे, म्हणजे तो चिंचोळा होतो, दोन्ही बाजूंना उघडा कातळ. त्याचा बेत असा की मधल्या गवताला आपणच आग लावायची, ती समोरून येणाऱ्या आगीच्या तोंडावर सोडायची, की दोघी मध्ये भेटून मरतील. फक्त त्या दोघींच्या मध्ये वाडा होता.

"भागे, इस्तव आण," तो म्हणाला.

भागाक्का जागची हलली नाही. "कुनाच्या चुलीतला?"

"आपल्या."

विठूनं त्याचा दंड धरला. "काका, घरं हायती तितं! खुळा झालास काय?"

"घरं बांधता येत्यात," जानूआप्पा म्हणाला. दंड सोडवून घेतला. भागाक्का धावत घरात गेली आणि गाडगं घेऊन आली. घरातून तिनं दुसरं काही आणलं नाही. पुढे पुष्कळ दिवस मला त्याचंच आश्चर्य वाटत राहिलं.

अर्ध्या तासात सगळं संपलं. त्याची आग वाऱ्याला उलटी सरकत वाड्यात शिरली, समोरची उतारावरून आली, आणि छपरं दोन्हीकडून पेटली. आम्ही सड्याच्या कंबरेशी उभे राहून मागे उडणाऱ्या ठिणग्या झोडपत होतो. दरीत एक पान जळालं नाही. अकरा घरं, अकरा गोठे, वर्षाचा चारा गेला. माणूस आणि जनावर एकही दगावलं नाही. विठू जोत्यावर बसून मोठमोठ्यानं रडत होता. त्यानंतर तो काकाशी कधी बोलला नाही.

महिन्याभरात चौकशी लागली. बेळगावहून मोठे साहेब आले, रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. आदल्या दिवशी मी जानूआप्पाला गाठून म्हटलं, "आप्पा, ती आग माझ्या हुकमानं लावली असं सांगा. मीही तेच सांगतो."  माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

तो म्हणाला, "चूल तुमची न्हवती, साहेब."

"पण का लावली ते तरी सांगा."

"त्यात काय सांगायचं? खोल हुबी हाय की समोर. त्यास्नी दिसंना व्हय?"

मोठ्या साहेबांना रेस्ट हाउसच्या व्हरांड्यातून खोल दिसत नव्हती. त्यांनी कानडीत विचारलं, वाडा जाळणारी आग कुणाची? मी मराठीत विचारलं. खाकी शर्टातला जानूआप्पा सरळ उभा राहून म्हणाला, "माझी." मी ते कानडीत सांगितलं. आणखी काही सांगायचं आहे का? "न्हाय." मी तेही सांगितलं. मोठ्या साहेबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी बोललो असतो तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, अशी ती नजर होती. मी काही बोललो नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं असतं, अशी मी मनाची समजूत घातली. ती समजूत रेस्ट हाउसच्या फाटकापर्यंतही टिकली नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

जानूआप्पाचं नाव हजेरीपटावरून कमी झालं. जळलेल्या जोत्यांवर पुन्हा घरं उभारायला परवानगी मिळाली नाही. वाडा रस्त्याकडेच्या माळावर आला. पत्र्याची घरं, दोन म्हशींपुरती जागा. ज्या दिवशी नाव कमी झालं त्या दिवशी त्यानं ऑफिसात येऊन शर्ट परत केला. धुऊन, घडी घालून आणला होता. मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "तुमी जेवला न्हाईसा जनू. त्वांड सुकलंय," आणि निघून गेला. पुढे वर्षभरात माझी बदली झाली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

सहा-सात वर्षांनी त्याच रेंजमध्ये मी रेंजर होऊन परत आलो. तोवर केस पिकायला लागले होते. पहिल्या हिवाळ्यात, पौषातच, मी जीप काढून आंबेखोलकडे निघालो. बरोबर नवा गार्ड होता, निपाणीकडचा, विड्या वळणाऱ्या घरातला हुशार पोरगा. सडा दिसायला लागला तसा तो ताठ बसला.

"साहेब, धूर!"

सड्याच्या कंबरेशी दोन माणसं होती. एकाच्या हातात डहाळी, दुसरी गाडग्याशी बसलेली. रस्त्याकडची वस्ती तिथून तीन कोसांवर. म्हातारा-म्हातारी पहाटे उठून चालत आली असणार. आमची जीप त्यांनी बघितली, पण पळून जायचा विचार दोघांच्याही चेहऱ्यावर दिसला नाही. मी खाली उतरलो. आता खाकी माझ्या अंगावर होती.

जानूआप्पा पार वाळला होता. एका डोळ्यावर पांढरं आलं होतं. त्यानं मला ओळखलं की नाही, ते कळायच्या आत त्यानं एक डहाळी माझ्या हातात दिली.

"त्या टोकाला जावा. वारं फिराय लागलंय."

मी गेलो. गार्डालाही हाक मारून दुसऱ्या टोकाला उभं केलं. अंगावर ऊन, पायाशी धग, डोळ्यांत धूर. तास-दीड तास आम्ही चौघं पट्ट्याच्या कडा झोडपत होतो. मध्येच गार्ड माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, केस घालायची न्हवं?"

"घाल," मी म्हटलं. "आरोपी चार लिव्ह. त्यो, ती, मी आन् तू."

तो परत आपल्या टोकाला गेला. काम उरकल्यावर आम्ही भाकरी खायला बसलो, ते जानूआप्पाच्या जुन्या जोत्यावर. बाकीच्या दहा जोत्यांवर करवंदीच्या जाळ्या चढल्या होत्या. हे एक साफ होतं, नुकतंच सारवलेलंही. वस्तीतलं दुसरं कोणी येतं का, म्हणून मी विचारलं. भागाक्का म्हणाली, "कोन येनार? विठू तर नाव काढू दीत न्हाय." दर साली दोघंच येतात म्हणाली. पूर्वीचा पट्टा घरं राखण्यासाठी पूर्वेला असायचा; आता घरंच नाहीत, म्हणून ती दोघं फक्त दरीच्या तोंडाशी जाळतात.

मनातलं बोलायची ती एकच वेळ होती. मी म्हणालो, "आप्पा, चौकशीच्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

तो भाकरी चावत राहिला. मग म्हणाला, "व्हय. पायजे हुतं."

त्यानं समजूत घातली असती तर मला ते इतकं बरं वाटलं नसतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी दोघांना जीपमध्ये बसा म्हटलं. भागाक्का शेवटच्या निखाऱ्याचं गाडगं सांभाळत मागे चढली. जानूआप्पा जोत्यावरून उठला नाही. "तुमी व्हा म्होरं. मी जरा बसतो हितं," म्हणाला. मी थांबायला लागलो तर भागाक्का म्हणाली, "चला तुमी. येतील त्येनी. दरसाली आसंच करत्यात."

जीप वळणावर आली तेव्हा मी मागे वळून बघितलं. जिथे दार होतं तिथे, पाय खाली सोडून, तो बसला होता. मी हात केला. त्यानंही हात वर केला.

"या परत!" तो जोत्यावरून ओरडला.